पन्हाळा-शाहूवाडीच्या सड्यांवरच्या दुर्मीळ जाती: पावसाच्या बदलाचा धोका मोजायचा कसा?

सडेकरी
कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही नव्यानं लिहायचं काम चाललंय. जातींची यादी झाली आहे: सड्यावरचं (म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माथ्यावरचं) कंदीलपुष्प, डबक्यातली वायतुरा ही पाणवनस्पती, देवगांडूळ (बिनपायांचा उभयचर), तीन-चार प्रकारचे बेडूक, गवा, मलबारी राखी धनेश आणि गिधाडाची जुनी नोंद. प्रत्येक जातीपुढं 'हवामान बदलाचा धोका' असा रकाना ठेवायचा ठरलंय. कच्च्या यादीत आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतला दर्जाच तिथं उतरवलाय. अतिसंकटग्रस्त असेल तर 'जास्त', असुरक्षित असेल तर 'मध्यम'. हे पटत नाही. हाताशी दोन माणसं, एक मोटरसायकल आणि मोबाईल आहेत. काय मोजायचं, कुठं, किती दिवस?

जांभा_कातळ
दादा, तो रकाना आधी पुसा. लाल यादी सांगते की जात संपण्याची शक्यता किती. कशामुळं संपेल, हे दर्जा बघून कळत नाही. गिधाडाचंच घ्या. लांब चोचीचं गिधाड अतिसंकटग्रस्त आहे, पण त्याचा घात जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकनं केला. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली. नोंदवहीत त्याच्यापुढं 'हवामान: जास्त' लिहिलंत तर पैसा पाणवठ्यावर जाईल आणि गोठ्यातल्या औषधाकडं लक्ष राहणार नाही.

उलटंही घडतं. आज बऱ्या दर्ज्यात असलेली जात पावसाच्या वेळापत्रकावर इतकी अवलंबून असते की दोन-तीन वाईट वर्षांत एका सड्यावरून ती पुसली जाते.

म्हणून प्रत्येक जातीला तीन प्रश्न विचारा आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहा. झळ किती लागणार? म्हणजे ती जिथं राहते तिथं ऊन-पाऊस खरोखर किती बदलतोय. ती झळ सोसवणार किती? म्हणजे तिचं जगणं किती अरुंद पट्टीत चालतं: एकच प्रकारचं डबकं, एकच परागवाहक, वर्षातून एकदाच अंडी. आणि तिला वाट काढता येणार का? म्हणजे ती हलू शकते का, आणि हलायला जागा आहे का.

आपल्याकडं तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक जाती अडतात. उंची वाढली की तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, दमट हवेत त्याहून थोडं कमी. म्हणजे एक अंशाची वाढ भरून काढायला जातीला दीडशे ते दोनशे मीटर वर सरकावं लागतं. पन्हाळ्याचा माथा हजार मीटरच्या आत, आणि आपले बरेचसे सडे डोंगराचा माथाच आहेत. त्यांच्या वर काही नाही. बाजूला सरकायचं तर मध्ये दरी, ऊस, रस्ता, आणि मग पुढचा सडा. जांभ्याच्या कातळावरच जगणाऱ्या रोपाला खालची काळी माती समुद्रासारखीच.

'माहीत नाही' हे उत्तरही लिहू द्या. २०१३ साली पक्षी, उभयचर आणि प्रवाळ मिळून १६,८५७ जातींचा याच तीन प्रश्नांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधीच संकटात असलेले आणि हवामानालाही फार बळी पडणारे पक्षी ६०८ ते ८५१ आणि उभयचर ६७० ते ९३३ असे पल्ल्यात दिलेत. जिथं माहिती नाही तिथं एकदा चांगलं धरून आणि एकदा वाईट धरून मोजल्यामुळं दोन आकडे येतात. तुम्हीही तसंच दोनदा भरा. दोन्ही वेळा 'जास्त' येणाऱ्या जाती आधी हातात घ्या.

मिरगाचा_थेंब
झळ मोजायचं सांगतो. तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस सड्याला लावू नका. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. रस्त्यानं अंतर शंभरेक किलोमीटर. एवढ्या उतारावर दहा-बारा किलोमीटरवरचा आकडाही फसवतो.

पर्जन्यमापक घरी होतो. तोंडाचा आतला व्यास बरोबर १६ सेंमी असलेलं नरसाळं घ्या, त्याचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंमी येतं. म्हणजे २० मिलि पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर आणि अगदी समपातळीत हवं, आणि जवळच्या झाडापासून त्या झाडाच्या उंचीच्या किमान दुपटीइतकं लांब. रोज सकाळी साडेआठला मोजायचं.

चूक कुठं होते? बाटलीत. लोक दोन लिटरची बाटली लावतात. तिच्यात १०० मिमी मावतो. आषाढात घाटमाथ्यावर दिवसाला दोनशेच्या वर पडला की बाटली वाहून जाते आणि वहीत 'शंभर' लिहिलं जातं. नेमका ज्या दिवसाचा आकडा हवा, तोच दिवस हातचा जातो. १० लिटरचा कॅन जमिनीत पुरून ठेवा, त्यात ५०० मिमी मावतो. दुसरी चूक मे महिन्यात होते. नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो आणि वळवाचा पाऊस मोजलाच जात नाही. तोंडात बारीक जाळी बसवा.

वहीतून एकूण बेरजेपेक्षा तीन आकडे महत्त्वाचे. पहिला, वळवाच्या शेवटच्या मोठ्या सरीपासून पाऊस सलग लागेपर्यंत किती दिवस गेले. दुसरा, जून-जुलैत २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचे सलग दिवस किती. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिमी झाला तरच तो पावसाचा दिवस. तिसरा, २०४.५ मिमी किंवा त्याहून जास्त, म्हणजे 'अत्यंत जोरदार' पावसाचे दिवस.

मिरग पंचांगात ठरलेला असतो, पाऊस नाही. २०२३ साली मान्सून केरळात ८ जूनला पोचला, २०२५ साली २४ मेला. पंधरा दिवसांचा फरक. शेतकरी पेरणी पुढं ढकलू शकतो. पहिल्या सरीला अंडी घालणाऱ्या बेडकाला ते जमत नाही.

सडेकरी
डबकी किती आणि कशी मोजायची? आमच्या सड्यावर लहानमोठी शंभराच्या वर असतील. आणि त्यातल्या एकात पिवळसर अंगाचा भेक दिसला, तो आंबोलीचा असू शकतो का?

बेडूकवही
आधी भेकाचं. आंबोलीच्या भेकाची नोंद आंबोली परिसराचीच आहे. 'झँथोफ्रिन टायगेरिना' या नावानं त्याचं वर्णन २००९ साली झालं आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. फक्त रंगावरून शाहूवाडीत त्याचं नाव लिहू नका. वरून, बाजूनं, पोटाकडून आणि डोळ्यामागच्या ग्रंथीचा असे चार फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, आवाज रेकॉर्ड करा आणि जाणकारांना दाखवा. पण तो जगतो कसा हे समजून घेणं आपल्या सड्यांनाही कामाचं आहे. पावसाच्या सुरुवातीला जांभ्याच्या खळग्यात साचलेल्या उथळ पाण्यात थोड्या दिवसांत सगळी वीण उरकते. एका हंगामाचं सगळं त्या चार बोटं पाण्यावर.

हिशेब करून बघा. डबकं ३ सेंमी खोल आहे. पावसानं दडी मारली, ऊन पडलं, आणि दिवसाला ५ मिमी पाणी उडालं तर सहाव्या दिवशी ते कोरडं. जांभा सच्छिद्र असतो, थोडं खालीही झिरपतं, म्हणजे पाचव्याच. भेकमासे पाय फुटायच्या आत वाळतात. काळं पडलेलं तळ आणि त्यावर पापडासारखी चिकटलेली पिल्लं जूनच्या खंडात बघायला मिळतात. तेच डबकं ८ सेंमी खोल असेल तर दोन आठवडे निघतात.

म्हणून शंभर डबकी नकोत, तीस निवडा: दहा उथळ (३ सेंमीच्या आत), दहा मध्यम, दहा ७ सेंमीच्या वर. प्रत्येकाच्या सगळ्यात खोल जागेसमोर, काठावर, छिन्नीनं बोटभर रेघ मारा आणि खोली दर वेळी त्याच खोल जागी स्टीलच्या पट्टीनं मोजा. नुसत्या जीपीएसवर विसंबू नका, मोबाईल पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो आणि डबकी दोन-दोन मीटरवर असतात. ऑइलपेंट नको, तो पाण्यात उतरतो. वळवापासून श्रावणाच्या सुरुवातीपर्यंत दिवसाआड नोंद पुरे. खंड पडला की मात्र रोज. लिहायचं एवढंच: खोली, अंडी किंवा भेकमासे आहेत का, पाय फुटलेत का, कोरडं कधी पडलं. हंगामाअखेर एकच आकडा काढा: तीसपैकी किती डबक्यांतून पिल्लं पायांवर बाहेर पडली.

बूट आणि पट्टी एका सड्यावरून दुसऱ्यावर नेताना चिखल ब्रशनं काढा, ७० टक्के अल्कोहोल मारा, पूर्ण वाळू द्या. बेडकांच्या कातडीचा बुरशीरोग माणसाच्या बुटांवरूनही फिरतो. हाताला डासांचं मलम लावून डबक्यात हात घालू नका.

सगळेच बेडूक डबक्यावर अवलंबून नाहीत, हेही रकान्यात उमटू द्या. झुडपी बेडकांची अंडी ओलसर पाल्यात किंवा पानावर असतात आणि त्यातून थेट चिमुकला बेडूक निघतो, पोहणारं पिल्लू नाहीच. त्यांच्यासाठी डबक्याची खोली गैरलागू. पाल्याचा थर किती जाड आणि किती दिवस ओला, ते मोजा. फेब्रुवारीतल्या वणव्यानं तो थर जळाला की जूनमध्ये कितीही पाऊस पडो. देवगांडुळाचंही तसंच, ते मातीत आणि दगडाखाली. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवा.

२०२३ सालच्या जागतिक पाहणीत ८,०११ उभयचर जातींपैकी ४०.७ टक्के संकटात निघाल्या. २००४ ते २०२२ मध्ये ज्यांचा दर्जा घसरला, त्यातल्या ३९ टक्के घसरणींमागं हवामान हेच मुख्य कारण. यादीत बेडूक वर राहतील, ते याच्यामुळं.

नकाशेवाला
कुणीतरी तुम्हाला मॅक्सएंट (जात कुठं जगू शकेल याचा अंदाज करणारी संगणकप्रणाली) चालवून '२०५० चा नकाशा' करून देईल. घ्या, पण तीन ठिकाणी तपासा.

एक. वर्ल्डक्लिमसारख्या हवामान पटांचा चौकोन साधारण एक किलोमीटरचा असतो आणि जुना पट १९७० ते २००० चा. तुमचा अख्खा सडा एका चौकोनात बसतो. दरीतली राई आणि माथ्यावरचा तापलेला कातळ नकाशाला एकच. शिवाय ते तापमान सावलीतल्या हवेचं, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचं. कातळाला टेकून जगणाऱ्या रोपाचं तापमान ते नव्हे.

दोन. नोंदी कुठून घेतल्या ते विचारा. आयनॅचरलिस्टवर (लोक फोटोसह नोंदी टाकतात ते संकेतस्थळ) संकटग्रस्त जातींची जागा मुद्दाम धूसर केलेली असते, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठंही, म्हणजे वीस-बावीस किलोमीटर बाजूचा चौकोन. पन्हाळ्याचं रोप वारणेच्या काठावर दिसू शकतं. अशा नोंदी गाळल्या नाहीत तर नकाशा फुकट. आणि उरलेल्या नोंदी बहुतेक रस्त्याकडेच्या. नकाशा जातीचा होण्याऐवजी डांबरी रस्त्याचा होतो.

तीन. एकूण १९ हवामान-चलांपैकी (तापमान-पावसाचे वेगवेगळे आकडे) कुठली वापरली? एकमेकांशी फार जुळणारी काढून टाकायला हवीत (सहसंबंध ०.७ च्या वर असेल तर दोन्हीपैकी एकच), आणि तपासणी जागेचे तुकडे पाडून व्हायला हवी, म्हणजे काही तुकड्यांवर शिकवून दुसऱ्याच तुकड्यांवर पडताळा. नाहीतर 'अचूकता ०.९७' असा आकडा येतो आणि शिकवलेल्या जागेच्या शेजारीच पडताळा घेतलेला असल्यानं तो भुलवतो. दहा-वीस नोंदींच्या जातीवर तर मी नकाशा करूच नका म्हणेन.

त्यापेक्षा व्यापलेलं क्षेत्र हातानं काढा. २ किमी × २ किमीचे चौकोन आखा, जात दिसलेले चौकोन मोजा, चारनं गुणा. तीन चौकोन म्हणजे १२ चौ. किमी. ते १० च्या आत असेल तर अतिसंकटग्रस्त आणि ५०० च्या आत असेल तर संकटग्रस्त होण्याची एक अट पुरी झाली. पण नुसतं क्षेत्र पुरत नाही, त्यासोबत तुटक वस्ती किंवा मोजकी ठिकाणं, चालू घट, टोकाचे चढउतार यांतल्या किमान दोन गोष्टी लागतात.

आणि 'ठिकाण' हा शब्द जपून वापरा, इथं जाणकारही घसरतात. आययूसीएनच्या भाषेत ठिकाण धोक्यावरून ठरतं. बॉक्साइटची खाण एका सड्याला गिळते, तेव्हा पाच सडे म्हणजे पाच ठिकाणं. पण जूनमधला खंड पाचही सड्यांवर एकदम पडतो, मग पाच सडे मिळून ठिकाण एकच.

पन्हाळ्याची_ताई
मग रोपं हलवता येतील ना? महाबळेश्वरचा माथा चौदाशे मीटरच्या वर आहे. कंदीलपुष्पाचे कंद तिथं नेऊन लावले तर?

कंदीलपुष्प
ताई, हेतू चांगला आहे, पण कंद उपटायचा विचार आत्ता नको. फूल जवळून बघा म्हणजे कारण कळेल. नळीसारखं फूल, तळाशी फुगीर. नळीच्या आत केस, सगळे खाली वळलेले. वासानं बारीक माशी आत शिरते, केसांमुळं परत चढता येत नाही, रात्र आतच काढते. दुसऱ्या दिवशी केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी परागांसकट सुटते. कंद महाबळेश्वरला नेला तरी ती माशी तिथं असेल, त्याच आठवड्यात असेल, असं कसं धरायचं? माशी नाही म्हणजे शेंग नाही, आणि कंद काही वर्षांनी एकटाच संपतो. शिवाय तिथं या कुळातल्या स्थानिक जाती आहेत, त्यांच्याशी संकर होऊ शकतो. आययूसीएनची २०१३ ची स्थलांतर-मार्गदर्शिका हाच प्रश्न आधी विचारायला लावते.

आधी बी सांभाळा. शेंगा जोडीनं लागतात आणि पिवळट पडल्या की एका दुपारी फुटतात. बियांना केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर जातात. म्हणून पिवळेपणा दिसताच शेंगेला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा. एका वस्तीतलं दहा टक्क्यांहून जास्त बी घेऊ नका आणि प्रत्येक सड्याचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा, मिसळू नका. वनजमिनीवर वनखात्याची परवानगी आधी.

पेरणी पुढच्या पावसाच्या तोंडावर. जांभ्याची बारीक खडी दोन भाग, वाळू एक, कुजलेला पाला एक. कुंडी उथळ चालते, पण भोकं मोठी हवीत. सगळ्यात जास्त रोपं पावसाळ्यात मरत नाहीत, ती दिवाळीनंतर मरतात. पानं पिवळी पडतात, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, पाणी घालतात, कंद सडतो. पानं पिवळी पडली की पाणी बंद, कुंडी आडवी करून कोरड्या सावलीत, थेट पुढच्या वळवापर्यंत. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा येतो. बोटानं पुसा, औषध मारू नका, परागवाहक माश्याही मरतात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांचं जतन झालेलं आहे, ओळख पटवायला आणि बी ठेवायला तिथं विचारा.

सड्यावर मोजायचं असेल तर कंद मोजू नका, ते दिसत नाहीत आणि काही कंद एखाद्या वर्षी वर येतच नाहीत. फुललेली रोपं आणि शेंग धरलेली रोपं वेगळी मोजा. फुलं तेवढीच पण शेंगा दरवर्षी कमी, असं दिसलं तर वेळ चुकतेय. गुराखी पोरं आणि साळिंदर कंद खणून खातात, ते खड्डेही मोजा. दोष उगाच पावसावर जायला नको.

जांभा_कातळ
शेवटचं वाक्य सगळ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहावं असं आहे.

एक इशारा देतो, कारण नोंदवहीत 'धोका जास्त' लिहिलं की लगेच 'उपाय' सुरू होतात. सड्यावर झाडं लावू नका. सडा म्हणजे उजाड माळ नव्हे. गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की सावली पडते, पाल्यानं माती साचते, गेंद आणि सीतेची आसवं यांसारखी नापीक ओल्या कातळावर जगणारी रोपं जातात. समपातळी चर खणू नका, त्यानं डबक्यांकडं येणारं पाणीच वळतं. आणि डबकी खोल करू नका. खोल डबकं जास्त टिकतं हे खरं, पण त्यात चतुरांच्या अळ्या, पाणढेकूण जास्त टिकतात आणि भेकमासे खातात. उथळ डबक्यात वीण करणारी जात उथळ निवडते ती म्हणूनच. वायतुऱ्याचा कंदही डबक्याच्या गाळात असतो, तो खोदकामात निघून जातो.

करायचं तर फेब्रुवारीत सड्याच्या कडेनं, गवत जिथं संपतं तिथं, तीन-चार मीटर रुंद जाळरेषा (वणवा अडवायची मोकळी पट्टी). गाड्या माथ्यावर चढवायच्या नाहीत. ओल्या सड्यावर एका चाकाची घळ तीन-चार डबकी फोडते.

राधानगरी_पायवाट
गवा आणि धनेशाबद्दल थोडक्यात. गवा लाल यादीत असुरक्षित. राधानगरी अभयारण्यात धरणांचं पाणी असल्यानं नुसत्या पाण्यासाठी तो अडत नाही, चाऱ्याला अडतो. गवताची जागा रानमोडी आणि घाणेरी घेते. तेव्हा 'हवामान: मध्यम, चारा: जास्त' लिहा. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं पुरवतो. उंबर-वड वर्गातली फळं त्या महिन्यांत कमी पडली की पिल्लं उपाशी. म्हणून ढोलीची जुनी झाडं मोजा, आणि जानेवारी ते मे दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वीस फळझाडांवर फळं आहेत की नाहीत, एवढी खूण करा.

सडेकरी
वायतुऱ्याची ओळ अशी लिहिली आहे, बघा:
झळ: 'जास्त' (डबकी कोरडी पडण्याच्या नोंदी चालू). सोसणं: 'कमी' (फक्त हंगामी डबकी, कंद गाळात). वाट: 'नाही' (सडा हाच माथा). इतर धोके: गाड्या, डबकी खोदणं. आकडा: तीस डबक्यांपैकी फुललेली किती, बी धरलेली किती. एकूण: 'जास्त'.

बेडूकवही
एक दुरुस्ती. 'झळ: जास्त' आत्ताच लिहू नका. तुमची नोंद पहिल्या हंगामाची आहे, आणि एका हंगामावरून बदल ठरत नाही. तिथं 'कोरडी पडलेली डबकी: तीसपैकी अमुक' एवढा आकडा आणि वर्ष लिहा, पुढं जागा सोडा. किमान पाच पावसाळे तीच तीस डबकी, त्याच खुणा, तीच पट्टी. माणूस बदलला तरी चालेल, खुणेची जागा बदलता कामा नये.